सात वर्षांच्या मुलीला कोणतं वाद्य? कीबोर्ड, व्हायोलिन की तबला, घरात तीन पक्ष झालेत

घरभर_गोंगाट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारतेच. मुलगी सात पूर्ण. हाताला लागेल ते वाजवते, डबे, टेबलाची कड, भावाची पाठ, आणि उगाच बडवणं नाही हां, गाणं चालू असलं की बरोब्बर त्याच्या ठेक्यात. त्यात शाळेत कुणीतरी येऊन व्हायोलिन वाजवून दाखवलं, तेव्हापासून "मला ते खांद्यावरचं पाहिजे" असा धोशा लावलाय. नवऱ्याचं म्हणणं कीबोर्ड घेऊ, सोपा असतो, बेस पक्का होतो, मग पुढे काय हवं ते शिकू दे. सासरे म्हणतात हात लयीत पडतोय तर सरळ तबल्याला घाला. आणि मी संगीतातली ढ, मला सा कुठला आणि प कुठला तेही कळत नाही, त्यामुळे माझं मत कुणी विचारत नाही, पण क्लासला नेणं-आणणं आणि घरी रियाजाला बसवणं माझ्याच गळ्यात पडणार हे नक्की.

तर एवढ्या लहान मुलांची सुरुवात कशाने करावी? मूल मागतंय ते द्यावं का त्याला झेपेल ते? व्हायोलिन फार अवघड, सुरुवातीला नुसतं किंचाळतं असं सगळे घाबरवतात. आणखी दोन गोष्टी, ती डावखुरी आहे आणि घर लहान आहे, भिंतीपलीकडे शेजारी. थोडे दिवस कौतुक आणि मग वाद्य माळ्यावर, असं होऊ नये एवढीच इच्छा.

काळी_पाच

मिस्टरांची बाजू घेतो, पण अर्धीच. मी कीबोर्ड आणि पेटी दोन्ही शिकवतो, लहान मुलंच जास्त येतात.

कीबोर्डला पट्टी दाबली की सूर बरोबरच येतो, शोधावा लागत नाही. त्यामुळे ओळखीची चाल लवकर निघते आणि मुलाचा हुरूप टिकतो. शिवाय सगळे स्वर डोळ्यांसमोर ओळीने मांडलेले असतात, उजवीकडे गेलं की वर, डावीकडे गेलं की खाली, काळ्या पट्ट्या कधी दोनच्या गटात कधी तीनच्या, हे बघूनबघून स्वरांचा नकाशा डोक्यात बसतो. तो पुढे कुठल्याही वाद्याला कामाला येतो, त्या अर्थाने "बेस" म्हणतात ते खरंय. डावखुरं असण्याचा इथे प्रश्नच नाही, दोन्ही हातांना काम आहे.

आता दुसरी बाजू. घेतलात तर खेळण्यातला घेऊ नका, ३२ किंवा ३७ बारीक पट्ट्यांचा असतो तो. पट्ट्या अरुंद असल्या की बोटांना भलत्याच अंतराची सवय लागते आणि ती मोडताना जीव जातो. किमान ६१ पट्ट्या, पूर्ण रुंदीच्या, आणि टच सेन्सिटिव्ह असावा म्हणजे हलकं दाबलं की हलका आवाज, जोरात दाबलं की मोठा. हे नसेल तर मुलाचं बोट कायम एकाच वजनाने पडतं, नंतर खऱ्या पियानोवर बसवलं की सगळं ठोकल्यासारखं वाजतं. पियानोला ८८ पट्ट्या असतात पण सुरुवातीला ६१ म्हणजे पाच सप्तकं, भरपूर झाली.

आणि ऑटो रिदमचं बटण. एक बोट ठेवलं की मागे अख्खा बँड वाजायला लागतो, मूल त्यातच रमतं, घरचे म्हणतात काय सुंदर वाजवतो, आणि डावा हात काहीच शिकलेला नसतो. माझ्या क्लासमध्ये सुरुवातीला त्या बटणाला हात लावायचा नाही असा नियमच आहे, पालक नाराज होतात, होऊ देत.

शेजाऱ्यांसाठी हेडफोन लावता येतो हे खरं, पण आवाज तुम्ही सेट करा, तिच्यावर सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने कानाला लावून ऐकण्यासाठी मुलांची मर्यादा ७५ डेसिबल धरली आहे, तीही आठवड्याला ४० तासांच्या हिशोबाने, मोठ्यांसाठी ८०. कीबोर्डचा आवाज पूर्ण वर केला की तो यापुढे सहज जातो.

तर कीबोर्ड वाईट नाही. पण मुलगी व्हायोलिन मागतेय आणि तुम्ही तिला "आधी हे शीक" म्हणून कीबोर्ड देणार असाल तर मला ते फारसं पटत नाही.

दीड_तार

वरच्या शेवटच्या वाक्याला दहा वेळा अनुमोदन. माझा मुलगा व्हायोलिन शिकतोय, सहाव्या वर्षी सुरू केलं, तेव्हा आमच्याकडेही हाच सल्ला मिळाला होता, आधी सोपं काहीतरी. पण त्याला तो आवाज हवा होता. गज, म्हणजे ती वाजवायची काठी, तारेवर ओढला की एकच सूर लांबच लांब चालत राहतो ना, त्याचं त्याला वेड होतं. पट्टी दाबून येणाऱ्या सुरात ती गोष्टच नाही, पियानोचा सूर वाजला की विरायला लागतो. म्हणून मी म्हणेन आधी मुलीला नीट विचारा की तुला त्यातलं नक्की काय आवडलं. खांद्यावर धरायचं असतं ते आवडलं, वाजवणारी बाई आवडली, का तो आवाज? पहिली दोन उत्तरं असली तर थांबून बघा, तिसरं असेल तर द्या.

अवघड आहे का, तर आहे. व्हायोलिनला गिटारसारखे बोट कुठे ठेवायचं ते दाखवणारे पडदे नसतात, बोट जराही इकडेतिकडे पडलं की सूर बेसूर. शिक्षक सुरुवातीला तारांखालच्या लांब काळ्या पट्टीवर पातळ रंगीत टेप लावून देतात, बोट त्या टेपवर ठेवायचं. आणि किंचाळणं म्हणाल तर ते बहुतेक वेळा उजव्या हातातून येतं. गज घोडीच्या (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्याच्या) फार जवळ गेला, तिरका झाला किंवा हात आखडला की चरचरतं. आमच्याकडे शिक्षकांनी आधी नुसतं मोकळ्या तारांवरच वाजवायला लावलं, डावा हात मोकळाच, फक्त गज सरळ, घोडी आणि पट्टीच्या मधोमध. कंटाळवाणं वाटतं ऐकायला पण आवाज खरंच सुधारतो.

साइजबद्दल सांगते कारण इथेच लोकांचं फसतं. व्हायोलिन १/१६, १/१०, १/८, १/४, १/२, ३/४ आणि ४/४ अशा मापांत मिळतं. वयावरून नाही, हातावरून ठरवायचं. डावा हात बाजूला सरळ ताणायला सांगा, मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत टेप धरा, आणि तो आकडा घेऊन शिक्षकांकडे जा. साधारण सहा-सातच्या मुलांना १/४ किंवा १/२ बसतं, पण तुमची उंच असेल वा बारीक असेल तर वेगळं निघेल. "वाढतं वय आहे, एक साइज मोठीच घेऊ" असं अजिबात करू नका, मोठ्या मापाच्या बुटात मूल धडपडतं तसंच होतं, डावं मनगट वाकडं पडतं आणि मान दुखते. म्हणूनच सुरुवातीला विकत न घेता भाड्याने किंवा कुणाचं लहान झालेलं मिळतंय का बघा, ही व्हायोलिनं पुन्हापुन्हा हात बदलत असतात.

नवीन असेल तर घोडी बरेचदा आडवी पडलेली येते, तुम्ही उभी करायला जाऊ नका, शिक्षकांकडे न्या. आणि नव्या गजाला राळ लावलेली नसते, राळेशिवाय गज तारेवरून नुसता घसरतो, आवाजच येत नाही. लोक म्हणतात वाद्य खराब निघालं.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. व्हायोलिन रोज सुरात लावावं लागतं आणि सात वर्षांचं मूल ते लावू शकत नाही. म्हणजे तुम्ही. घाबरू नका, फोनवर ट्यूनर असतो, चार तारा, सुई मध्ये आणायची. फक्त घेताना खालच्या बाजूला चारही तारांना फाइन ट्यूनर आहेत का बघा, बारीक स्क्रू असतात, ते फिरवायचे. वरच्या लाकडी खुंट्यांना नवशिक्याने हात लावला की तार तुटलीच म्हणून समजा.

गजरा_गट्टे

सासऱ्यांच्या बाजूने कुणी बोलेना म्हणून आलो. पण मलाही त्यांचं म्हणणं जसंच्या तसं मान्य नाही बरं का.

डबे ठेक्यात वाजवणारं मूल म्हणजे तबल्याचं मूल असं नसतं. लय ही सगळ्या वाद्यांना लागते. उलट लयीचं अंग असलेली मुलं व्हायोलिनमध्ये लवकर पुढे जातात, कारण गज कधी फिरवायचा हे त्यांना सांगावं लागत नाही. तबला म्हणजे लय तर आहेच, पण त्याहून जास्त तो बोटांचा आवाज आहे. साधा "ना" बघा. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकलेली ठेवायची, पूर्ण दाबायची नाही, आणि तर्जनीने किनारीवर असं मारायचं की बोट लगेच उचललं जाईल. अनामिका जास्त दाबली की आवाज मेला, उचलली गेली की भलताच बोल निघाला. डाव्या हाताला डग्ग्यावर मनगट टेकवून "घे" काढायचा आणि मनगट पुढे सरकवलं की त्याचा सूर चढतो. हे सगळं एकाच वेळी, मांडी घालून, पाठ ताठ. लहान मुलं यात रमतात का, काही फार रमतात. काहींना चार बोल झाले की डबा बरा वाटतो, कारण डब्यावर लगेच गाणं "वाजतं" आणि तबल्यावर बराच काळ एकच कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, घोटावा लागतो.

मग कळणार कसं? घरी एक खेळ खेळा. तीनताल, १६ मात्रा, चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली म्हणजे टाळी न वाजवता हात बाजूला उघडायचा. तोंडाने "धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा" म्हणत हाताने टाळ्या. मुलगी दोन-चार दिवसांत स्वतःहून म्हणायला लागली, आणि खेळ संपल्यावरही म्हणत फिरायला लागली, तर तिला बोलांची गोडी आहे, तबल्याचा विचार जरूर करा. नुसती टाळी वाजवून कंटाळली तर नाही. फुकट परीक्षा आहे, वाद्य लागत नाही काही नाही.

डावखुऱ्यांचं तबल्याला सोपं, उजवा तबला डावीकडे आणि डग्गा उजवीकडे ठेवायचा, असे वाजवणारे भरपूर आहेत. फक्त पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगा, नाहीतर ते सवयीने उजव्याचं बसवतील.

आवाजाचं म्हणाल तर तबला भिंतीपलीकडे ऐकू जातो, खोटं कशाला सांगू. आणि लावण्याचा त्रास इथेही आहे. हवा दमट झाली की कातडं सैल पडतं, सूर उतरतो, मग गजऱ्यावर (कडेच्या विणलेल्या वादीवर) हातोडीने वरून ठोकून चढवायचा, खालून ठोकला की उतरतो. हेही काम मोठ्या माणसाचं.

तिरकस

सगळेजण वाद्य वाद्य करताय. गळा कुठे गेला? हंगेरीचे संगीतकार आणि संगीतशिक्षक झोल्तान कोडाय आयुष्यभर हेच सांगत राहिले की मूल आधी गाऊ दे, वाद्य नंतर. जे तोंडातून सुरात येत नाही ते बोटातून काय डोंबल येणार. वर्षभर नुसतं गाऊ द्या.

दीड_तार

तिरकस, तुमचं तत्त्व बरोबर आहे पण सात वर्षांच्या मुलीला "वर्षभर थांब" सांगून बघा एकदा. आणि गाणं बंद कुठे करायचंय? आमच्या शिक्षकांचा नियमच आहे, जे वाजवायचं ते आधी म्हणून दाखव. दोन्ही बरोबर चालतं.

काळी_पाच

तिरकसांच्या मुद्द्यावरून आठवलं, गाणं आणि वाद्य एकत्र हवं असेल तर पेटीचा विचार कुणी केलाच नाही. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने सूर, आणि तोंडाने तेच म्हणायचं. लहान मुलाला स्वर ओळखायला पेटीसारखं वाद्य नाही. फक्त मांडीवर किंवा समोर भाता ओढताना लहान मुलांचा डावा हात पुरत नाही, आणि स्केलचेंजर (पट्टी सरकवून सूर बदलता येणाऱ्या) पेट्या फार जड असतात, त्यामुळे साधी, हलकी, तीन सप्तकांची बघावी.

तिरकस

पेटीने कान बिघडतो. सगळे स्वर ठोकळे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही, सुरांमधल्या बारीक जागा म्हणजे श्रुती नाहीत. आकाशवाणीने १९४० पासून तिला किती दशकं बाहेर ठेवली होती ते माहीत असेलच.

काळी_पाच

माहीत आहे, आणि नंतर आत घेतली हेही माहीत आहे. मींड नाही हे शंभर टक्के मान्य, दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिच्यात नाहीच. पण तो हिशोब लावला तर कीबोर्ड आणि पियानोही बाद करा, तेही ठोकळेच. सात वर्षांच्या मुलीला सा आणि रे यातलं अंतर आधी कानाला कळू दे, त्या दोघांच्या मधल्या गल्लीत नंतर फिरेल. आता हा वाद इथे नको, ताईंचा प्रश्न बाजूला राहील.

एकबोटी

मी कुणाच्या पक्षातली नाही, तीन मुलांना तीन वाद्यं शिकताना बघितलंय म्हणून लिहिते. तुमच्या यादीत नसलेली दोन-तीन नावं टाकते, कारण लहान घर आणि घरात शिकवणारं कुणी नाही हे दोन्ही आमच्याकडेही होतं.

युकुलेले. चार नायलॉनच्या तारा, बोटं दुखत नाहीत, मुलाच्या मांडीत मावतं, आवाज गोड आणि बेताचा. सी कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) एका बोटाने लागते, सगळ्यात खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्यात बोट ठेवलं की झालं. ए मायनरलाही एकच बोट, एफला दोन. एवढ्यावर गाणी म्हणता येतात. मूळ पोर्तुगीज बेटांवरचं छोटं तंतुवाद्य, १८७९ मध्ये मदिरातून हवाईला गेलेल्या लोकांबरोबर तिकडे पोहोचलं आणि तिथे त्याचं युकुलेले झालं. गिटारची हौस असेल पण बोटं लहान असतील तर हे मधलं स्टेशन चांगलं आहे. गिटारच हवी असेल तर नायलॉन तारांची, लहान मापाची घ्या, स्टीलच्या तारांनी या वयात बोटांची सालं निघतात आणि मूल परत हात लावत नाही. तार पट्टीपासून किती उंच आहे तेही बघा, उंच असली की मोठ्या माणसालाही दाबवत नाही.

बासरी. मनात असेल तर लहान, वरच्या पट्टीची घ्या, मोठ्या बासरीची भोकं मुलांच्या बोटांत येतच नाहीत. पण बासरीत फुंकरीचा कोन सापडेपर्यंत नुसती हवा जाते, त्यात लहान मुलांना गरगरतं, तेव्हा थोडं थोडं. नुसतं फुंकून वाजणारं काही हवं तर रेकॉर्डर आहे, शिट्टीसारखं तोंड असतं, आवाज लगेच येतो. जोरात फुंकलं की चिरकतो मात्र, किंवा भोक नीट झाकलं गेलं नाही की. क्लॅरिनेट, ट्रम्पेट वगैरे सात वर्षांत नकोच, पुढचे दुधाचे दात पडून पक्के येईपर्यंत ओठांचा जम बसत नाही.

आणि सितार-संतूर कुणी सुचवलं तर थोडं थांबा. सितारीची मान लांब, तार ओढायला बोटात जोर लागतो, तिला मोठं होऊ द्या.

आता मला खरं काय वाटतं ते. सोपं-अवघड यावर मुलं टिकत नाहीत हो. माझा अनुभव असा की जे वाद्य मूल एकटं, कुणालाही न बोलावता हातात घेऊ शकतं तेच वाजतं. मोठ्याची गिटार खोलीत भिंतीला टांगलेली असते, येता-जाता दोन मिनिटं छेडतो, त्यातच निम्मा सराव होतो. मधलीचं वाद्य पेटीत, पेटी कपाटात, कपाट बाबांच्या खोलीत, आणि लावून द्यायला आई पाहिजे. ती वाजवत नाही असं मी म्हणायचे, पण तिला वाजवायला चार गोष्टी जुळून याव्या लागायच्या. तेव्हा व्हायोलिन घेतलंत तरी सकाळी एकदा लावून ठेवा आणि पेटी तिच्या हाताच्या उंचीवर, उघडी नाही पण सहज उघडेल अशी ठेवा. बाकी कुठलं वाद्य हा प्रश्न मला तरी त्यापुढे लहान वाटतो.

घरभर_गोंगाट

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. एकबोटी ताई, तुमचं ते पेटी कपाटात वालं वाचून नवरा पण गप्प झाला.

अपडेट. तीनतालाचा खेळ खेळलो. टाळ्या मस्त वाजवते, खालीला हात उघडायला तर फारच आवडतं, पण बोल म्हणायला कंटाळा करते, "ला ला" म्हणत चाल लावते त्याला. सासरे थोडे हिरमुसले. मग विचारलं व्हायोलिनमधलं काय आवडलं, तर म्हणाली "तो आवाज रडतो आणि मग थांबत नाही". आता हे आवाजातच मोडतं ना? हाताचं माप घेतलंय, ४७ सेंटीमीटर भरलं मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत.

मला शंका दोन. डावखुरी आहे तर उलटं व्हायोलिन घ्यायचं का? आणि शिक्षक निवडताना मला काहीच कळत नसताना मी काय बघू?

दीड_तार

हो हो, ते आवाजातच मोडतं. माप शिक्षकांना सांगा, प्रत्यक्ष खांद्यावर ठेवून बघतीलच, आकडा नुसता अंदाजाला.

उलटं नको. व्हायोलिनमध्ये डाव्या हाताची बोटं सूर काढतात आणि उजवा गज ओढतो, दोन्ही हातांना अवघडच काम आहे, त्यामुळे डावखुरी मुलं नेहमीच्याच पद्धतीने शिकतात. उलट्या बाजूचं वाद्य मिळायला त्रास, शिक्षक मिळायला त्याहून त्रास, आणि पुढे वाद्यवृंदात शेजारच्याच्या गजाला गज आपटतो. तिची बोटं तर उलट आधीच तयार असतील.

शिक्षकांबद्दल. एकदा क्लासमध्ये नुसतं बसू द्या म्हणून विचारा, नाही म्हणाले तर तिथेच कळलं. बसलात की शिक्षकांच्या बोलण्यापेक्षा मुलांच्या खांद्यांकडे बघा. खांदे कानाला लागलेले, अंगठे पांढरे पडलेले दिसले आणि कुणी ते सैल करायला सांगत नसेल तर चाललं नाही. आणि कुठल्या पद्धतीने शिकवतात ते विचारा, कारण भारतीय पद्धतीत मांडी घालून बसून, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवतात आणि तारा सा-प-सा-प अशा लावतात, पाश्चात्त्य पद्धतीत उभं राहून हनुवटीखाली धरतात आणि तारा जी-डी-ए-ई. दोन्ही उत्तम, पण सुरू करून मध्येच बदलणं मुलाला जड जातं. तिने शाळेत बघितलं ते खांद्यावरचं होतं ना, मग तिला जमिनीवर बसवलं तर म्हणेल हे ते नाहीच.

अजून एक, लहान मुलांच्या क्लासला पालकांनी आत बसावं असं म्हणणारे शिक्षक मिळाले तर सोडू नका. जपानी व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकींच्या पद्धतीत तर आई-वडिलांनी आधी थोडं शिकून घ्यायचं असतं, म्हणजे घरी कुणीतरी दाखवणारं राहतं. तुम्ही स्वतःला ढ म्हणता पण त्यांच्या हिशोबात तुम्ही अगदी योग्य विद्यार्थी आहात.

गजरा_गट्टे

सासऱ्यांना सांगा हिरमुसू नका, नातीबरोबर रोज टाळी-खाली चालू ठेवा. व्हायोलिनवालीला घरात ताल धरणारा मिळाला तर तिचं भाग्यच. आणि क्लासला जाताना त्यांनाच बरोबर पाठवा की, तुमचाही वेळ वाचेल.

घरभर_गोंगाट

हे भारी सुचवलंत, विचारते त्यांना. शेजाऱ्यांचं काय करू पण? भिंत खरंच पातळ आहे.

दीड_तार

रबरी म्यूट मिळतो, घोडीवर बसवायचा, आवाज बराच खाली येतो. पण रोजच्या रोज लावू नका, तिला स्वतःचा खरा आवाज ऐकू आला पाहिजे नाहीतर गज किती दाबायचा ते कळत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी ठरलेल्या वेळी १५ मिनिटं विनाम्यूट आणि त्याबाहेर हौस आली तर म्यूट, असं आम्ही केलं. शेजाऱ्यांना वेळ आधी सांगून ठेवा, माणसं वेळ माहीत असली की सहन करतात. आणि वाजवून झालं की गजाचा स्क्रू सैल करून ठेवायचा, हे काम पहिल्या दिवसापासून तिलाच द्या, ताणलेला ठेवला तर काठी वाकते.